ध्वनिमुद्रणातील ड्रायव्हरचे दोष : लक्षणावरून कारणाकडे

घरच्या संगणकावर गायन किंवा वाद्य मुद्रित करताना आवाज तडतडू लागला, उशिरा ऐकू येऊ लागला किंवा येईनासाच झाला, की बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे ध्वनी-उपकरण आणि संगणक यांचा संवाद घडवणारे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा बसवतात. हा उपाय अगदी शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रायव्हर पुन्हा बसवताना जुनी सेटिंग्ज अनेकदा पुसली जातात आणि दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे समजत नाही. त्यामुळे तोच दोष पुन्हा उद्भवल्यास सारा शोध नव्याने करावा लागतो. त्याऐवजी लक्षण नीट पारखावे, एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि प्रत्येक बदलानंतर तोच छोटा तुकडा पुन्हा मुद्रित करून पाहावा.

सर्वप्रथम दोष साखळीच्या कोणत्या भागात आहे हे ठरवावे. मायक्रोफोनचा आवाज ऑडिओ इंटरफेसमध्ये (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) शिरतो, तेथून ड्रायव्हरमार्फत संगणकाकडे आणि मग मुद्रणाच्या सॉफ्टवेअरकडे जातो. इंटरफेसवरील पातळीदर्शक दिवा गाताना हलत नसेल, तर दोष ड्रायव्हरच्या आधीचा आहे. केबल, गेनची (आवाजाची पातळी वाढवणारी) कळ आणि कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा तपासावा. दिवा हलतो पण संगणकाच्या ध्वनी सेटिंग्जमध्ये उपकरणच दिसत नाही, असे असेल तर यूएसबी केबल बदलावी आणि हब टाळून ती थेट संगणकाला जोडावी. संगणकाला उपकरण दिसते, पण मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, तेव्हाच पुढील तपासणीला अर्थ आहे.

विंडोजवर पहिला प्रश्न असतो तो ड्रायव्हरच्या प्रकाराचा. एकाच उपकरणासाठी यादीत एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी आणि आसिओ असे अनेक पर्याय दिसू शकतात. पहिले दोन जुने आहेत आणि त्यांत विलंब जास्त असतो, म्हणून गंभीर मुद्रणासाठी ते निवडू नयेत. आसिओ ही स्टाइनबर्ग या कंपनीने विकसित केलेली पद्धत विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरला वळसा घालून थेट उपकरणाशी बोलते, त्यामुळे इंटरफेसच्या उत्पादकाने आसिओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच वापरावा. आसिओफोरऑल हा सर्वसाधारण पर्याय उत्पादकाचा ड्रायव्हर नसलेल्या उपकरणासाठी ठीक आहे. परंतु उत्पादकाचा ड्रायव्हर हाताशी असताना आसिओफोरऑल वापरल्यास फायदा होत नाही आणि गुंतागुंत मात्र वाढते. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी : आसिओमध्ये सॉफ्टवेअर साधारणतः एका वेळी एकच ड्रायव्हर उघडते, म्हणून एका इंटरफेसमधून आवाज आत घेऊन दुसऱ्यातून बाहेर काढण्याची मांडणी तेथे सहसा चालत नाही.

मुद्रण पूर्ण शांत निघत असेल आणि कोणताही त्रुटिसंदेश येत नसेल, तर परवानगी तपासावी. मॅकओएस मोजावे या २०१८ च्या आवृत्तीपासून प्रत्येक सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि ती नाकारलेली असल्यास ट्रॅकवर निव्वळ सपाट रेषा उमटते. विंडोज १० आणि ११ मध्येही गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये असाच खटका आहे. उपकरण वापरात असल्याचा संदेश येत असेल, तर ब्राउझर किंवा व्हिडिओ बैठकीचे सॉफ्टवेअर ते अडवून बसलेले असण्याचा संभव अधिक. ते केवळ लहान न करता पूर्णपणे बंद करावे.

आता तडतडीकडे वळू, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. संगणक आवाज सलग पाठवत नाही, तर ठरावीक नमुन्यांच्या (सॅम्पल, म्हणजे ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) गठ्ठ्यांनी पाठवतो. या गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. एक गठ्ठा वाजून संपण्याआधी पुढचा तयार झाला नाही, की ध्वनीत खंड पडतो आणि तोच तडतडीच्या रूपाने ऐकू येतो. ४८,००० हर्ट्झ सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने असताना, १२८ नमुन्यांचा बफर २.७ मिलिसेकंद टिकतो, २५६ चा ५.३ आणि १,०२४ चा २१.३ मिलिसेकंद. म्हणून पहिली चाचणी सोपी आहे : बफर १,०२४ वर नेऊन तोच तुकडा ऐकावा. तडतड थांबली, तर संगणक वेळेत काम उरकू शकत नव्हता हे सिद्ध होते. जड इफेक्ट तात्पुरते बंद करावेत, आभासी वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करावेत (म्हणजे त्यांचा तयार ध्वनी साठवून ठेवावा) आणि मग बफर हळूहळू खाली आणावा.

परंतु सॉफ्टवेअरमधील प्रोसेसरचा मापक निम्म्यापर्यंतही जात नसताना तडतड होत असेल, तर मूळ बहुधा दुसऱ्याच ड्रायव्हरमध्ये असते. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी व्यवस्थापनाचा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतो आणि ध्वनीचा गठ्ठा तेवढ्यात चुकतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हे साधन काही मिनिटे चालवले असता अडथळा आणणाऱ्या ड्रायव्हरचे नाव दिसते. वाय-फाय बंद करून पाहणे ही त्याहूनही झटपट चाचणी आहे. त्याचबरोबर पॉवर प्लॅन उच्च कार्यक्षमतेवर ठेवावा, यूएसबी उपकरणांना विश्रांती देणारे वीजबचतीचे सेटिंग बंद करावे आणि लॅपटॉप चार्जरला जोडून काम करावे.

तडतडीची लयही कान देऊन ऐकावी. ती अनियमित असेल तर वरील कारणे शोधावीत. पण ठरावीक अंतराने एकेक टक असा आवाज येत असेल, तर दोन उपकरणांची घड्याळे जुळत नसल्याचा दाट संशय घ्यावा. प्रत्येक डिजिटल उपकरण आपल्या अंतर्गत घड्याळाने नमुने मोजते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. इंटरफेसच्या नियंत्रण फलकात घड्याळाचा स्रोत बाह्य ठेवला गेला असेल आणि डिजिटल केबल जोडलेलीच नसेल, तर तो अंतर्गत करावा. मॅकवर दोन उपकरणे ॲग्रिगेट डिव्हाइस म्हणून (दोन्ही मिळून एकच उपकरण मानून) जोडली असतील, तर त्यांपैकी एकाला मुख्य घड्याळ मानून दुसऱ्यासाठी ड्रिफ्ट करेक्शन (घड्याळांतील फरक भरून काढणारी सोय) सुरू करावे.

सॅम्पल रेटचा घोळ वेगळ्या रीतीने प्रकट होतो. ४४,१०० हर्ट्झला मुद्रित केलेला आवाज रूपांतर न होता ४८,००० ने वाजला, तर तो जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावतो आणि सुमारे दीड अर्धस्वर चढलेला लागतो. उलट झाले तर तितकाच उतरतो. गायकाला वाटते आपणच बेसूर झालो, आणि दोष मात्र आकड्यांचा असतो. प्रकल्पाचा, इंटरफेसच्या फलकातला आणि संगणकाच्या ध्वनी सेटिंग्जमधला असे तिन्ही दर एकच ठेवावेत.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल, तर लक्षात घ्यावे की बफरचा काळ आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा मोजला जातो, शिवाय रूपांतरण आणि यूएसबी यांचा थोडा विलंब त्यात मिळतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब साडेतीन मीटरांवरच्या स्पीकरसमोर गाण्याइतका आहे. बरेच वादक तो सहज सांभाळतात. त्याहून जास्त विलंब जाणवत असेल, तर बफरशी झगडण्यापेक्षा इंटरफेसवरील डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू करून सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद करावे, म्हणजे आवाज संगणकात न जाता थेट कानाशी येतो. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणासाठी वापरू नयेत. त्यांचा स्वतःचा विलंब कोणत्याही ड्रायव्हरने जात नाही.

हे सारे करूनही दोष टिकला, तर ड्रायव्हर पुन्हा बसवावा, पण क्रमाने. सध्याची आवृत्ती आणि सेटिंग्ज लिहून ठेवावीत, जुना ड्रायव्हर काढावा, इंटरफेस सोडवून संगणक पुन्हा सुरू करावा, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर बसवावा आणि तो सांगेल तेव्हाच केबल जोडावी. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर कर्नल एक्स्टेंशन (प्रणालीच्या गाभ्यात बसणारा भाग) वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी रिकव्हरीमध्ये जाऊन सुरक्षेची पातळी उतरवावी लागते. तेथे उपकरण क्लास कंप्लायंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारे) असेल, तर वेगळा ड्रायव्हर न बसवता कोअर ऑडिओ या मॅकच्या स्वतःच्या ध्वनिव्यवस्थेवरच चालवणे मला अधिक पटते. नीट चालणाऱ्या ड्रायव्हरची स्थापना फाइल जपून ठेवावी, आणि मुद्रणाचे काम अर्ध्यावर असताना प्रणालीचे मोठे अद्ययावतीकरण पुढे ढकलावे.