टिकाऊ भांडी, मिक्सर, कुकर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

भांड्यांच्या दुकानात खिशातून लोहचुंबक काढणारी गिऱ्हाइकं हल्ली बरीच दिसतात. चुंबक चिकटला तर माल हलका, नाही चिकटला तर अस्सल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यापायी साध्या मालाला चांगल्या मालाचे पैसे मोजले जातात.

३०४ प्रतीचं स्टील (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला धरत नाही, हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त २०२ प्रतीचं स्टीलही धरत नाही. म्हणजे ज्या दोघांत निवड करायची, त्यांतला फरक चुंबकाला कळतच नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक धरणारं स्टील मुद्दाम लावलेलं असतं. त्यामुळे भांड्यावर प्रत आणि आयएसआयची खूण छापली आहे का ते पाहा आणि पक्क्या बिलावर प्रत लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा. सगळंच ३०४ घ्यायची मात्र गरज नाही. पीठ-डाळीच्या डब्यांना साधं स्टील पुरतं. आमटी, सार, चिंचेचा कोळ यांच्या पातेल्यांसाठी पैसे घाला.

चांगल्या पातेल्याच्या तळाला बारीक टोचे पडले, तर बहुधा गार पाण्यात मीठ टाकलेलं असतं. ते न विरघळता तळाशी बसतं आणि स्टील खातं. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळा. निळसर-जांभळी झाक उष्णतेने येते, ती निरुपद्रवी आहे; लिंबाने जाते.

मिक्सर: वॅट पाहता, सुटे भाग पाहत नाही

माझ्या मते सर्वात महागात पडणारी चूक हीच. ५०० की ७५० वॅट यावर तासभर खल होतो, पण ‘याचं कपलर, बुश, पातं सुटं मिळतं का, आणि आपल्या गावात कोण बसवतं?’ हे विचारलंच जात नाही. (कपलर म्हणजे मोटरची गती भांड्याला देणारी दातेरी चकती, बुश म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी.) मोटरवरच्या पाच वर्षांच्या वॉरंटीवर लोक भुलतात. प्रत्यक्षात आधी झिजतात ते हेच भाग, आणि ते बहुतेकदा वॉरंटीत नसतात. घेण्यापूर्वी वॉरंटी कार्ड उघडून वाचा.

मिक्सर एकदम बंद पडला तर ‘मोटर जळली’ म्हणून नवा आणू नका. बहुतेक मिक्सरच्या बुडाला लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येऊन वीज तोडतं. भांड्यातला माल कमी करा, मोटर गार होऊ द्या, बटण दाबा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तेव्हा कपलरचे दाते गेलेले असतात. भांड्याखाली काळपट ओघळ दिसला तर बुश झिजलाय; दुरुस्त होईपर्यंत त्या भांड्यात वाटू नका. आत ठिणग्या वाढल्या तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) संपत आलेत. ही सगळी कामं नव्या मिक्सरच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. अनेक मिक्सर ‘पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद’ अशा हिशेबाने बनवलेले असतात. सणाला सलग चटण्या वाटताना ती दोन मिनिटं सोडू नका.

कुकर

आयएसआय खुणेशिवाय कुकर घेऊच नका. त्याचं मानक आयएस २३४७ आहे आणि २०२१पासून ती खूण सक्तीची आहे. खुणेजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. कडेने वाफ जाते तेव्हा दोष बहुतेकदा कडक झालेल्या रिंगचा असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा आणि तो का उडाला ते शोधा: पाणी कमी होतं की शिट्टीच्या नळीत डाळ अडकली होती? दुसरं काही ठोकून ते भोक बुजवणं जिवावर बेतेल.

बीडाचा तवा गंजला?

कोकणातल्या पावसाळ्यात तो गंजणारच. फेकू नका. खरखरीत घासणीने गंज काढा, गॅसवर कोरडा करा, तेलाचं बोट फिरवून जास्तीचं तेल कापडाने पुसा आणि धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा करा. आंबोळी चिकटते आणि तवा चिकचिकीत लागतो, तेव्हा तेलाचा थर जाड बसलेला असतो. घासून पुन्हा पातळ थर द्या. तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र ओतू नका. बीड तडकतं आणि तडकलेला तवा नीट सांधत नाही.

पितळेचं पातेलं घेणार असाल तर आधी कल्हईवाला शोधा. पुण्यात, नाशकात तो सापडतो. लहान गावात चौकशी करावी लागेल. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात आंबट काही शिजवू नका.

बिलाचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटी संपण्याआधी उडतात. वॉरंटी असूनही दुरुस्ती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.