प्रकाशाने प्रोटीन जोडताय? आधी अंधार नीट करा, या चुका टाळा

सीआरवाय२ आणि सीआयबी१ ही निळ्या प्रकाशात एकमेकांना चिकटणारी प्रोटीनची जोडी (एक मेम्ब्रेनवर बांधलेलं, दुसरं मोकळं हलणारं) सेलमध्ये टाकली, निळा लेझर अजून मारलाच नाही तरी सगळं प्रोटीन आधीच मेम्ब्रेनवर जाऊन बसलंय. मग आपल्याला वाटतं क्लोनिंग, म्हणजे डीएनएची जोडणी, गंडलं. मी तर प्लाझमिड (ही प्रोटीन बनवायचा डीएनए) परत सिक्वेन्सिंगला पाठवला होता, तो ठणठणीत निघाला, घोळ माझाच होता, सेल शोधताना जीएफपीचा (हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनचा) चॅनल चालू ठेवला होता!

४८८ नॅनोमीटरवर जीएफपी दिसतो आणि नेमक्या त्याच प्रकाशाने सीआरवाय२ पण चालू होतो, एलओव्ही डोमेनवाला आयलिड (निळ्या प्रकाशाचा दुसरा असाच स्विच) पण. म्हणजे नुसतं बघितलं तरी स्विच दाबला गेला. म्हणून हलणाऱ्या प्रोटीनला एमचेरी (लाल चमकणारं प्रोटीन) लावा, ५६१ ने बघा, मेम्ब्रेनवरच्या जोडीदाराला जीएफपी असेल तर त्याचा फोटो अगदी शेवटी. ब्राइटफील्डचा पांढरा दिवा लोक हमखास विसरतात, त्यातही निळा असतोच की, तिथे लाल फिल्टर टाका. चुकून उजेड लागलाच तर घाबरू नका, आयलिड मिनिटभरात बऱ्यापैकी सुटतो, सीआरवाय२ ला निम्मं सुटायलाच पाचेक मिनिटं लागतात, त्यामुळे अर्धा तास अंधारात ठेवून मग सुरू करा.

फायबी-पिफ ही लाल प्रकाशाने जुळणारी जोडी वापरणाऱ्यांचं गणित उलटं. ६५० ला जुळतं, ७५० ला सुटतं, म्हणजे निळ्या सिस्टीमसाठी लावलेला लाल सेफलाइट (अंधारात काम करायचा मंद दिवा) इथे घात करतो, मंद हिरवा लावा. आणि प्राण्यांच्या सेलमध्ये फायकोसायनोबिलिन (फायबीला प्रकाश शोषायला लागणारं रंगद्रव्य) आपोआप बनत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर कितीही लाल मारा काही हलणार नाही.

सगळ्यात चमकणारा सेल निवडायचा मोह होतो ना, तो टाळा. तिथे हलणारं प्रोटीन इतकं जास्त असतं की मेम्ब्रेनवरच्या जागा भरल्या तरी सायटोप्लाझममध्ये ढीगभर उरतं आणि फरकच दिसत नाही. मध्यम उजळ घ्या.

सायटोप्लाझममध्ये ठिपके दिसले तर लगेच खूश होऊ नका, सीआरवाय२ प्रकाशात स्वतःशीच गुठळ्या करतो. सीआयबी१ शिवायचा कंट्रोल लावा. आणि एक डिश कुठलंच कन्स्ट्रक्ट (आपण बनवलेला डीएनए) न टाकता तेवढाच निळा प्रकाश देऊन बघा, मीडियातलं (सेल वाढवायच्या द्रवातलं) रायबोफ्लेविन प्रकाशात पेरॉक्साइड तयार करतं, सेल त्यानेच आक्रसत असतील आणि आपण मात्र सिग्नलिंग सिग्नलिंग करत बसतो.