टर्बाइन हेलिकॉप्टर: इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

उद्यमनगरातल्या वर्कशॉपात सकाळी माप दिलं की संध्याकाळी शाफ्ट हातात मिळतो. इंजिन उघडायची कोल्हापुरात कुणाला भीती नाही, आणि नेमकी हीच सोय रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या टर्बाइनला नडते. सुरू होईना, हवेत बंद पडलं, तापलं, की हात आधी स्पॅनरकडे जातो. बहुतेक बिघाड मात्र इंजिनाच्या आत नसतातच. ते हवेत, इंधनात, बॅटरीत नाहीतर रेडिओच्या सेटिंगमध्ये असतात. इंजिनाचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तेही घरी उघडायचं नाही, कंपनीकडे पाठवायचं.

जेटचं टर्बाइन हेलिकॉप्टरला

पहिली चूक खरेदीतच होते. जेट विमानाच्या टर्बाइनचा दर्जा किलोच्या थ्रस्टमध्ये, म्हणजे ढकलण्याच्या जोरात सांगतात. हेलिकॉप्टरला मागून ढकलणारा झोत नको, शाफ्टवर ताकद हवी. म्हणून त्याच्या टर्बाइनला मागे वेगळ्या शाफ्टवर दुसरं चाक असतं आणि तिथून गिअरबॉक्स. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कुठेच जोडलेले नसतात, मधे फक्त गरम वायू. रेन 44 ची हेलिकॉप्टरसाठीची आवृत्ती किंवा जेटकॅटची पीएचटी मालिका याच जातीची.

'जेटचं स्वस्तात मिळालंय, दुसरं चाक इथंच लेथवर काढू' हे वाक्य ऐकलं की मी हिशोब मांडतो. मिनिटाला दीड लाख फेऱ्यांवर, मध्यापासून 10 मिलीमीटरवर फक्त 0.1 ग्रॅम वजन जास्त राहिलं, तर बेअरिंगवर साधारण 25 किलोचा झटका फिरत राहतो. डायल गेजवर रनआउट (फिरताना चाकाचं डगमगणं) शून्य दिसला म्हणजे बॅलन्स झाला असं नाही. कुर्ट श्रेकलिंग या जर्मन हौशी माणसाने हवा दाबणाऱ्या लाकडी कॉम्प्रेसर चाकाला कार्बन फायबरचं बळ देऊन टर्बाइन चालवलं, हे खरं. पण त्याने ते कमी फेऱ्यांसाठी, पहिल्यापासून तसंच आखलं होतं. दुसऱ्याच्या इंजिनाला शेपूट जोडलं नव्हतं.

पेट्रोल इंजिनाच्या हेलिकॉप्टर किटमध्ये टर्बाइन बसवत असाल तर क्लच काढला तरी चालतो, कारण दोन शाफ्टमधला वायूच ते काम करतो. एकाच दिशेने पकडणारं वन-वे बेअरिंग मात्र काढू नका, ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाच्या ताकदीशिवाय फिरत्या रोटरवर उतरणं, त्याच्यावर आहे. आणखी एक: क्लच नसल्यामुळे इंजिन आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) असतानाही रोटर हळूहळू फिरायला लागतो. स्टार्ट देण्याआधीच ब्लेड उघडून सरळ केलेले हवेत.

तापतंय? आधी दार काढून बघा

हुबेहूब खऱ्यासारख्या बॉडीत इंजिन बसवलं की एक्झॉस्टचं तापमान चढतं. लगेच ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या सेटिंगमध्ये शिरू नका. बॉडीचं एक दार किंवा झाकण काढा आणि इंजिन पुन्हा चालवा. तापमान उतरलं तर दोष इंजिनाचा नाही, त्याला हवा पुरत नाही, नाहीतर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतंय. बॉडीत हवा येण्याची जाळी मोठी करा. एक्झॉस्टचा स्टेनलेस पाइप आणि फायबरची बॉडी यांच्यात सगळीकडून मोकळी फट ठेवा, आणि टेल बूममधून जाणाऱ्या सर्वोच्या वायरी पाइपपासून लांब बांधा.

हवेबद्दल आपल्या गावाची एक अडचण आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर गेला की इथली हवा साधारण दीड हजार मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते. टर्बाइनची ताकद तेव्हाच घटते आणि रोटरलाही पकडायला हवा कमी मिळते. जानेवारीत सकाळी सहज उचललेलं मॉडेल मे महिन्यात टाकी भरून उचलेना, तर त्यात बिघडलेलं काहीच नाही. सकाळी उडवा, नाहीतर टाकी अर्धी भरा.

बुडबुडा

हवेत अचानक इंजिन विझलं तर माझा संशय आधी पंपाच्या अलीकडच्या पाइपवर जातो. पंपानंतरच्या नळीत दाब असतो, म्हणून तिथला सांधा सैल असेल तर केरोसीन गळतं आणि दिसतं. टाकी ते पंप या भागात उलटं: तिथे ओढ असते. सांधा सैल असला तर थेंबही गळत नाही, वरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आतून हवा ओढतो. टाकीजवळ पारदर्शक नळी ठेवा आणि जमिनीवर इंजिन चालू असताना टॉर्च मारून बघा. मोहरीएवढे बुडबुडे ओळीने जाताना दिसले तर दोष सापडला. बबल टँक, म्हणजे हवा अडवणारी छोटी टाकी, पंपाच्या आधी हवीच. मोठी टाकी फ्रेमला थेट आवळू नका, खाली फोम द्या. कंपनाने इंधन फेसाळतं.

टाकीची जागाही इथेच बघून घ्या. दोन लिटर केरोसीन म्हणजे जवळपास 1.6 किलो. टाकी रोटर शाफ्टच्या रेषेत नसून पुढे असेल तर उड्डाणाच्या सुरुवातीला नाक जड आणि शेवटी शेपूट जड.

इंधनात तेल घालायला विसरणं ही चूक माफ होत नाही. या इंजिनांना वेगळं ऑइल नसतं, केरोसीनमधलं साधारण 5 टक्के टर्बाइन ऑइलच बेअरिंगला पोचतं. नेमकं प्रमाण आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघा आणि कॅनवर मार्करने 'तेल घातलं' असं लिहून ठेवा. रेशनचं निळं केरोसीन वापरू नका: ते दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे, शिवाय त्यात काय काय मिसळलंय याचा भरवसा नाही. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी साचतं, ते तळाशी बसतं आणि टाकीतला क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजनही नेमकं तिथूनच ओढतं.

स्टार्ट फसला की

दोन-तीन स्टार्ट फसले की इंजिनात न जळलेलं केरोसीन साठतं. चौथ्याला ते एकदम पेटतं आणि मागून हातभर जाळ निघतो. प्रत्येक फसलेल्या स्टार्टनंतर मॉडेल तिरकं करून इंधन निथळू द्या. मग बॅटरी तपासा, कारण स्टार्टर पुरेसा वेग गाठत नाही याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचाच ठेवा. पावडरने आग विझेल, पण इंजिनही संपेल. बघायला आलेली मंडळी हौसेने अगदी शेजारी येऊन उभी राहतात. त्यांना टर्बाइनच्या चाकांच्या सरळ रेषेत बाजूला उभं राहू देऊ नका.

रेडिओ

इथे पेट्रोलवाल्यांची सवय आडवी येते. रोटरचा वेग ईसीयू सांभाळतो, म्हणून रिमोटमध्ये थ्रॉटल कर्व्ह लावायचा नाही आणि फ्लायबारलेस युनिटचा, म्हणजे हेलिकॉप्टर स्थिर ठेवणाऱ्या डब्याचा, गव्हर्नर (वेग राखणारी सोय) बंद ठेवायचा. ईसीयू आणि गव्हर्नर दोन्ही चालू असले की ते एकमेकांशी भांडतात आणि रोटरचा आवाज वरखाली होत राहतो. थ्रॉटल होल्ड, म्हणजे ताकद तोडायचा स्विच, इंजिनाला कुठे नेतो तेही बघा. तो 'बंद'वर असेल तर ऑटोरोटेशनचा सराव करताना इंजिन विझतं आणि अर्ध्यातून परत ताकद मागायची सोय उरत नाही. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर लागू होणारी सेटिंग, मात्र नक्की 'बंद'वरच हवी.

टर्बाइन वेग घ्यायला वेळ घेतं. झपकन खाली येऊन शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह (सगळ्या ब्लेडचा कोन) ओढलात तर इंजिन जागं होईपर्यंत रोटरचा वेग पडलेला असतो. ही तक्रार 'ताकद कमी आहे' म्हणून येते, पण उपाय अंगठ्यात आहे.

उतरल्यावर गडबड नको. ईसीयू स्टार्टर फिरवून इंजिन थंड करत असतं. तापमान 100 अंशांच्या आसपास येईपर्यंत बॅटरी काढायची नाही, नाहीतर सगळी उष्णता मागच्या बेअरिंगमध्ये शिरते.

कुठे उडवायचं

ड्रोन नियम 2021 नुसार छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं 25 किलोपर्यंतचं यान 'मॉडेल' गणलं जातं, पण हवाई क्षेत्राचे नियम त्यालाही आहेत. उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही. म्हणजे गोकुळ शिरगाव आणि विद्यापीठाचा परिसर बाद. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत. जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा बघाच.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचा मोह सगळ्यांनाच होतो, पण वाळल्या गवतावर गरम एक्झॉस्ट घेऊन जायचं नसतं. ऊसतोडीनंतरच्या मोकळ्या रानातही पाचट असतं. ते पेटायला वेळ लागत नाही आणि शेजारच्या रानात जाळलं असलं की काळी राख तरंगत येऊन कॉम्प्रेसरमध्ये शिरते. खाली चार बाय चार फुटांचा लोखंडी पत्रा टाका, इंजिनाच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि हंगामात जवळपास धूर दिसला तर त्या दिवशी इंधन भरूच नका.