नॉर्मल डिस्ट्रिब्युशन शिकताय तर त्याची भावंडंपण शिका

बीएस्सी स्टॅट्स करून नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटाचं काम शोधणाऱ्यांसाठी लिहितोय, मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइनने रोज तिकडेच जातो. इंटरव्ह्यूत नॉर्मल (घंटेच्या आकाराचा वक्र) विचारतातच आणि बरेच जण 68-95-99.7, म्हणजे सरासरीपासून एक, दोन, तीन सिग्माच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) आत इतके टक्के डेटा, एवढं बोलून थांबतात. पण खरा प्रश्न पुढचा असतो, समोरचा डेटा नॉर्मल का असावा?

गणितज्ञ द मुआव्हरने 1733 मध्ये नाणेफेकीच्या हिशोबातून हा वक्र काढला, गाउसने 1809 मध्ये तो खगोलातल्या मोजमापांच्या चुकांना लावला. गाभा एवढाच की भरपूर छोट्या, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींची बेरीज झाली की नॉर्मलसारखं काहीतरी येतं. आता बेरजेच्या जागी गुणाकार घ्या, मग लॉग घेतल्यावर नॉर्मल दिसतं, तेच लॉगनॉर्मल. पगार, विम्याच्या क्लेमची रक्कम, सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम हे बऱ्याचदा याच्या जवळ जातं, उजवीकडे लांब शेपूट. लॉगचा सिग्मा 1 असला तर मीन (सरासरी) हा मीडियनच्या (ओळीतल्या मधल्या आकड्याच्या) साधारण 1.65 पट येतो आणि जवळपास 69 टक्के लोक त्या मीनच्या खाली असतात, म्हणून अशा डेटावर नुसती सरासरी रिपोर्टमध्ये टाकू नका, मीडियन द्याच, हे मी कळकळीने सांगतोय कारण त्या आकड्यावर पुढे कोणाचं तरी बजेट ठरतं.

सॅम्पल छोटं असेल तर टी डिस्ट्रिब्युशन. गिनेसच्या ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' नावाने ते मांडलं. पाचच रीडिंग असतील तर 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हलसाठी नॉर्मलचं 1.96 नाही, टीचं 2.776 लागतं, केवढा फरक आहे बघा! महापेला क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये जाणार असाल तर हे रोज लागेल.

ट्रंकेटेड, म्हणजे एका बाजूने कापलेलं नॉर्मल, पण बघून ठेवा, कटऑफच्या वरचेच कँडिडेट डेटात असले की खालचा भाग कापलेला असतो आणि मीन फुगतो. मल्टिव्हेरिएट (एकाच वेळी अनेक व्हेरिएबल्सचं नॉर्मल) जरा दमाने घ्या, आधी मॅट्रिक्स पक्के करा, मग महालनोबिस डिस्टन्स (एखादा बिंदू बाकी डेटाच्या मध्यापासून किती लांब आहे त्याचं माप), 1936 चं आपल्या भारतीय संख्याशास्त्रज्ञाचं काम, आउटलायर (बाकीच्यांपासून फार वेगळे आकडे) शोधायला आजही वापरतात.

नुसतं वाचून हे बसत नाही. आर किंवा पायथॉनमध्ये प्रत्येकातून हजार आकडे काढा, हिस्टोग्राम आणि क्यूक्यू प्लॉट (डेटा नॉर्मलशी किती जुळतो ते दाखवणारा आलेख) शेजारी शेजारी ठेवा. डेटा नॉर्मल आहे का ते तपासणाऱ्या शापिरो टेस्टच्या पी-व्हॅल्यूवर एकट्यावर विसंबू नका, सॅम्पल मोठं झालं की ती किरकोळ फरकालाही नापास करते.