गेममध्येच नेट का तुटतं? राउटर बदलायच्या आधी हे बघा

रात्री साडेनऊ, जेवणं झाली, पाच जण डिस्कॉर्डवर जमलो, व्हॅलोरंटची रँक्ड मॅच लावली आणि अकराव्या राउंडला माझा माणूस भिंतीकडे तोंड करून नुसता पळत सुटला. मग ते रिकनेक्टिंग. आत येईपर्यंत दोन राउंड गेलेले, मित्रांच्या शिव्या वेगळ्या. आणि आतल्या खोलीत आई युट्यूबवर कीर्तन बघत होती, तिचं एकदम व्यवस्थित चालू. "नेट तर आहे की रे, तुझ्या गेमलाच काहीतरी झालंय."

तर आधी आईचं का तुटत नाही ते सांगतो कारण इथेच सगळे फसतात. व्हिडिओ पुढचं अर्धा-एक मिनिट आधीच भरून ठेवतो, त्यामुळे मधे नेट गेलं तरी तो साठ्यावर चालतो, आणि वायफाय गेलं की बहुतेक फोन गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतात, कुणाला पत्ताही लागत नाही. गेमला साठा नसतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो, तुम्ही आत्ता कुठे आहात ते त्याला आत्ताच पाहिजे, दोन सेकंदांपूर्वीचं पॅकेट, म्हणजे माहितीची छोटी पुडी, नंतर पोचून काय उपयोग. म्हणजे "गेममध्येच तुटतं" असं जे वाटतं ते बऱ्याचदा दिवसभर तुटतच असतं, फक्त गेममध्ये दिसतं.

आता राउटर बदलायचा, कंपनी बदलायची, आठ अँटेनावाला गेमिंग राउटर मागवायचा, हे सगळं नंतर. आधी एकच गोष्ट शोधायची: तुटतं कुठे. तुमचा कॉम्प्युटर ते राउटर यामध्ये, का राउटर ते बाहेर, का राउटरच बसतोय. हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावला तर दहा गोष्टी बदलून ठेवाल आणि कशाने बरं झालं का बिघडलं ते आयुष्यात कळणार नाही.

दोन काळ्या विंडो

विंडोजमध्ये सीएमडी, म्हणजे कमांड लिहायची काळी विंडो, उघडा, दोनदा. आधी आयपीकॉन्फिग टाकून डीफॉल्ट गेटवे बघून घ्या, तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पहिल्या विंडोत पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड), मग स्पेस देऊन मायनस टी, मग हा पत्ता, सगळं इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्या विंडोत तसंच पण पत्ता ८.८.८.८, हा गुगलचा डीएनएस आहे, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, जवळजवळ नेहमी उत्तर देतो. मायनस टी लावलं की थांबवेपर्यंत चालू राहतं. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि गेम खेळा. फोनवर बीजीएमआय खेळत असाल तर लॅपटॉप त्याच वायफायला लावून फोनच्या बाजूलाच ठेवा, दुसऱ्या खोलीत ठेवून उपयोग नाही.

तुटलं की लगेच ऑल्ट टॅब करून बघा. राउटरच्या विंडोतच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" दिसतंय तर लोचा घरात आहे, लाइनमनला फोन करू नका. राउटर नीट उत्तर देतोय, वायफायवर एक ते पाच मिलिसेकंद, केबलवर एकपेक्षा कमी, आणि फक्त ८.८.८.८ गळालंय तर भानगड राउटरच्या पलीकडे. दोन्ही व्यवस्थित आणि तरी गेमने बाहेर फेकलं तर मग गेमचा सर्व्हर किंवा तुमचाच कॉम्प्युटर, राउटरला उगाच बोल लावू नका.

दोन घड्याळं

दुसरी गोष्ट माझी लाडकी आहे आणि कोणीच बघत नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून लॉगिन करा (युजरनेम पासवर्ड राउटरच्या तळाला स्टिकरवर असतो, नसेल तर कनेक्शन दिलेल्या माणसाला विचारा) आणि स्टेटसच्या पानावर जा. तिथे साधारण दोन वेळा दिसतात, एक सिस्टिम अपटाइम, म्हणजे राउटर चालू होऊन किती वेळ झाला, आणि दुसरी वॅन किंवा पीपीपीओई अपटाइम, म्हणजे बाहेरचं कनेक्शन लागून किती वेळ झाला. नेट तुटून परत आलं की लगेच हे पान उघडा.

सिस्टिम अपटाइमच दोन-चार मिनिटं दाखवतोय? राउटर स्वतः बंद पडून चालू झाला. सिस्टिम वीस दिवस आणि वॅन दोन मिनिटं? राउटर ठीक आहे, लाइन तुटली. दोन्ही वीस दिवस? मग वायफाय किंवा तुमचं मशीन. तीन वेगळे आजार, तीन वेगळे उपाय.

राउटरच बंद पडतोय

माझं हेच होतं. पान उघडलं, सिस्टिम अपटाइम तीन मिनिटं! मी तीन आठवडे वायफायचे चॅनल बदलत बसलो होतो आणि हा पठ्ठ्या रोज रात्री रीस्टार्ट होत होता. राउटर उलटा केला, स्टिकरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर. मग वायर पकडून मागे मागे गेलो, अ‍ॅडॅप्टर हातात घेतला तर १२ व्होल्ट ०.५ अँपिअर. बाबांना विचारलं. तर म्हणे मूळचा जळाला होता दिवाळीत, मग जुन्या सेट-टॉप बॉक्सचा लावला, पिन बसली की बरोबर. पिन बसली हो, पण दिवसा एक-दोन फोन असताना तो कसाबसा ओढायचा आणि रात्री माझा कॉम्प्युटर, टीव्ही, चार फोन एकदम लागले की व्होल्टेज बसायचं आणि राउटर रीस्टार्ट. पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो, योग्य अ‍ॅडॅप्टर पावणेतीनशेला मिळाला, तेव्हापासून एकदाही नाही.

अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही, आणि पिनच्या आतल्या बाजूला प्लस का मायनस ते स्टिकरवर गोलाचं चित्र असतं ते जुळवून बघा. बरोबरचा अ‍ॅडॅप्टर असला तरी चार-पाच वर्षांत थकतो, हाताला चटका बसेल इतका गरम लागत असेल तर बदलून बघायचा. आणि घरातल्या प्रत्येक अ‍ॅडॅप्टरला कागदी टेप लावून कशाचा आहे ते लिहून ठेवा. आमच्या ड्रॉवरमधल्या त्या सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरवर मी लाल स्केचपेनने "राउटरला लावू नये" लिहिलंय, बाबा तो टाकू देत नाहीत.

यातच अजून दोन कारणं. एक म्हणजे गरमी, राउटर शोकेसमध्ये काचेमागे टीव्हीच्या डोक्यावर ठेवायचा आणि मे महिन्यात चार तास खेळायचं, मग तो तापणारच, मोकळ्यावर काढा, जाळीतली धूळ ब्रशने झाडा. दुसरं इन्व्हर्टर. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत जो क्षणभर अंधार होतो तेवढ्यात राउटर बसतो आणि परत उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. त्याला राउटरचा छोटा यूपीएस मिळतो १२ व्होल्टचा, घेऊन टाका.

लाइन तुटतेय

चिंचवडला माझा मावसभाऊ आहे, त्याची तक्रार अशी की फक्त पीएस फाइव्ह खेळतानाच नेट जातं, लॅपटॉपवर ऑफिसचं काम करताना कधीच नाही. सिस्टिम अपटाइम महिनाभराचा, वॅनचा चार मिनिटं. म्हटलं खेळायला बस, मी बघतो. तो सोफ्यावर बसला, गेम रंगला, मागे रेलला, आणि फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल. सोफ्यामागून फायबरची पिवळी पॅच कॉर्ड गेली होती, हा रेलला की सोफा मागे सरकायचा आणि कॉर्ड भिंतीवर घडी पडल्यासारखी दाबली जायची. फायबर तुटली नव्हती, नुसती वाकली तरी उजेड बाहेर सांडतो. ऑफिसचं काम तो टेबलावर करतो, झालं!

एलओएसचा दिवा लाल लागतो किंवा लुकलुकतो म्हणजे फायबरमधून उजेडच पोचत नाहीये. दिवा ठीक असला तरी राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर बघा, आकडा मायनसमध्ये असतो. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर निवांत, उणे २७ च्या खाली गेला तर बहुतेक डबे तिथेच रडायला लागतात. तीन आकडे खाली म्हणजे उजेड निम्मा, त्यामुळे "दोन-तीनचाच तर फरक आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कॉर्डला मोठा गोल वळसा द्या, पेन्सिलभोवती गुंडाळल्यासारखा नाही. हिरवा कनेक्टर स्वतः काढून पुसायच्या भानगडीत पडू नका, आणि उघड्या टोकात डोळा लावून तर अजिबात बघू नका, लेझर आहे तो, दिसत नाही पण असतो.

लाइनमनला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणालात तर तो म्हणणार राउटर बंद करून चालू करा. त्याऐवजी सांगा की पॉवर उणे २८ येतोय, वॅन आज तीनदा पडला, अमुक वाजता. स्क्रीनशॉट पाठवा, तक्रार नंबर मागून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जायचं, दोनदा असं पाठवल्यावर गडी स्वतःहून शिडी घेऊन आला. आणि एक गंमत, वॅन रोज बरोबर त्याच वेळी पडत असेल, म्हणजे काल ९:४० आज ९:४०, तर काही ठिकाणी पीपीपीओईचं सेशन २४ तासांनी तोडतात म्हणून होतं ते. सकाळी दात घासताना राउटर एकदा रीस्टार्ट करा, पुढचं तुटणं दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल.

दोन्ही घड्याळं ठीक, म्हणजे वायफाय

पहिलं काम, केबल लावून एक रात्र खेळा. कॅट फाइव्ह ई पुरते, शंभर मीटरपर्यंत चालते, तुमचा हॉल तेवढा नाही. केबलवर तुटलं नाही तर दोष वायफायचा, आणि जमत असेल तर केबल तशीच ठेवा, विषय संपला. घरातले वायर दिसते म्हणून ओरडतात, पट्टी मारून स्कर्टिंगवरून न्यायची.

केबल शक्य नसेल तर बँड बघा, म्हणजे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतंय का ५ वर. २.४ गिगाहर्ट्झवर सोसायटीतले सगळे शेजारी, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह एकाच गल्लीत उभे असतात, एकमेकांवर न चढणारे चॅनल (बँडमधल्या पट्ट्या) तीनच, १, ६ आणि ११. शेजारी काकूंनी पापड भाजायला मायक्रोवेव्ह लावला की तुमचा पिंग उडतो ही चेष्टा नाही. ५ गिगाहर्ट्झ वापरा, पण भिंतीमागून ते लवकर मरतं, मधे लोखंडी कपाट असेल तर संपलंच, म्हणून राउटर शक्यतो त्याच खोलीत. चॅनल ऑटोवर ठेवू नका, ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला एक नक्की करून टाका. मधल्या, ५२ ते १४४ च्या चॅनलवर रडारचाही हक्क असतो, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला चॅनल सोडून पळावं लागतं, आणि नवा चॅनलही तसलाच निघाला तर आधी मिनिटभर कान देऊन बसतो. तुमची मॅच तेवढ्यात आटपते.

मग ते स्मार्ट कनेक्ट, दोन्ही बँडना एकच नाव. राउटर आपल्या मनाने फोनला इकडून तिकडे ढकलतो, आणि तो नेमका शेवटच्या झोनमध्येच ढकलणार. ते बंद करून दोन नावं वेगळी ठेवा आणि गेमचा फोन फक्त ५ वाल्याला जोडा. फोनमध्ये वायफाय कमजोर वाटलं की मोबाईल डेटावर जायचं सेटिंग असतं, खेळताना तेही बंद. लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब दिसला तर तिथली वीज वाचवायची टिक काढून टाका.

तुटत नाही पण लटकतं

हे वेगळं प्रकरण आहे. पिंग १२ असतो आणि अचानक ४००, अर्ध्या मिनिटाने परत १२, कुठेही टाइम्ड आउट नाही. घरात कोणीतरी अपलोड करतंय. लग्नाहून आले, फोन चार्जिंगला लावला, आठशे फोटो बॅकअपला निघाले, आणि तुमची इवलीशी पॅकेटं त्या रांगेत मागे उभी. खात्री करायची तर पिंग चालू ठेवून स्वतःच एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा आणि आकडा बघा. उपाय म्हणजे राउटरमधलं क्यूओएस, म्हणजे नेट कोणाला किती ते ठरवायचं सेटिंग, तिथे अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के टाका, म्हणजे रांग लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असेल तर त्यातलं एसक्यूएम, म्हणजे ही रांगच आवरणारं सेटिंग, झकास आहे. यातलं काहीच नसेल तर बॅकअप बंद करून ठेवा आणि झोपताना चालू करा.

आता डीएनएस बदला, पोर्ट उघडा असे सल्ले मिळतात त्याबद्दल. डीएनएस बदलून चालू मॅचमधलं तुटणं थांबत नाही, त्याचं काम मॅच लागायच्या आधीच झालेलं असतं. पोर्ट फॉरवर्डिंगचंही (बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी राउटरमध्ये वाट उघडून ठेवणं) तेच, ते लॉबी आणि व्हॉइस चॅट जोडताना उपयोगी, आणि तुमच्या राउटरचा वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. यूपीएनपी (गेमला लागेल तेव्हा ही वाट आपोआप उघडणारं सेटिंग) चालू आहे ना तेवढं बघा आणि सोडून द्या.