रिव्हॉल्व्हर रोज कमरेला लावायचंय? निवडायचं कसं आणि झाकून बाळगायचं कसं

ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे किंवा मंजूर व्हायच्या बेतात आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी लायसन्स देतात. ते कोणत्या हद्दीत चालतं हे त्याच्यावर लिहिलेलं असतं, जिल्हा, राज्य की पूर्ण देश, ते नीट वाचल्याशिवाय हत्यार घेऊन गाव सोडू नका.

आणि झाकून बाळगणं आपल्याकडे नियमातच आहे बरं का. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्यार अडकवायच्या म्यानात, किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. लग्नात पट्ट्याला उघडी लावून मिरवणारे बघितले की मला खरंच राग येतो. वरातीत हवेत बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता निवड. सेल्फ डिफेन्सच्या लायसन्सवर आपल्याकडे बहुतेक जण .32 बोअरच (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) घेतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .32 ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरचं, वरून मोडून उघडणारं, सहा राऊंडचं, दणकट पण जड. 2014 ला निर्भीक आलं, टायटॅनियम अलॉयचं, साधारण 500 ग्रॅम. 2023 ला प्रबळ आलं, त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल फिरता भाग, बाजूला उघडतं आणि नळी 76 मिलिमीटरची. .22 चं निडर तर 250 ग्रॅमच्या आसपास, खिशात जाईल एवढं, पण .22 चं काडतूस खूपच कमी ताकदीचं, त्यामुळे नुसत्या वजनावर भुलून घेऊ नका.

दुकानात गेलात की आधी हत्यार रिकामं आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा, मग परवानगी घेऊन डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर (मागचा घोडा) न ओढता, ट्रिगर पूर्ण दाबून बघा. तो लांब आणि कडक असतो, बोटाच्या पेराने दाबताना नळी हलत असेल तर ते हत्यार तुमच्या हाताचं नाही, कितीही देखणं असलं तरी. सेकंडहँड किंवा वडिलांचं नावावर करून घेतलेलं असेल तर आर्मररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा, आणि तो हॅमरच्या सेफ्टीची खात्री देत नाही तोवर हॅमरखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवा.

होल्स्टरवर मात्र कंजुषी करू नका, माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे आणि उलटं केलं तरी हत्यार पडता कामा नये. पट्टा जाड, दीड इंची, पातळ फॅन्सी पट्टा दुपारपर्यंत खाली ओघळतो. जागा उजव्या कमरेला, हाडाच्या जरा मागे, वरून सैल न खोचलेला शर्ट किंवा जॅकेट. पाठीच्या मधोमध लावू नका, बाईकवरून पडलात तर थेट मणक्यावर येतं. खिशात ठेवत असाल तर खिशाचं होल्स्टर हवंच आणि त्या खिशात किल्ली, सुट्टे पैसे काहीही नको.

मग आठवडाभर रिकाम्या हत्याराने घरात वावरून बघा. नुसतं आरशासमोर उभं राहून कळत नाही, चपला घालायला वाका, गाडीत सीटबेल्ट लावा, पंगतीत बसतो तशी मांडी घाला. मांडी घातली की मूठ बरगडीत घुसते आणि शर्ट वर सरकतो, मी पहिल्याच आठवड्यात यामुळे होल्स्टर बदललं. हात सारखा तिकडे जात असेल तर ती सवय आत्ताच मोडा, लोकांना कापडाच्या उठावापेक्षा हात आधी दिसतो.

बाथरूमला जाताना होल्स्टरसकट काढायचं, हत्यार एकटं बाहेर काढून फ्लशच्या टाकीवर ठेवायचं नाही. ते तिथेच विसरलं जातं.

पावसाळ्यात, कोकणात तर फारच, चामड्याचं होल्स्टर ओल धरतं आणि दोन दिवसांत गंज दिसायला लागतो. रात्री हत्यार त्यातून काढा, पुसून तेलाचा हलका हात फिरवा, आणि काडतुसं वेगळी करून दोन्ही कुलपात ठेवा, चावी मुलांना माहीत असलेल्या जागी नको. निवडणूक लागली आणि पोलीस स्टेशनची नोटीस आली की हत्यार जमा करून पावती घ्या, आणि परत आल्यावर कमरेला लावायच्या आधी सिलिंडर उघडून बघा.