चेक शिकायला सुरुवात करताय? मग आधी नाक धरा

चेक प्रजासत्ताकात ब्रनोला किंवा प्रागला शिकायला, नोकरीला आलेल्या आपल्या मराठी लोकांशी बोललं की हमखास ऐकू येतं, चेक शिकताना नाकी नऊ आलेत. कसं शिकताय विचारलं तर बहुतेक सगळे तेच सांगतात, इंग्रजी शब्दांची यादी, समोर चेक शब्द, रोज वीस पाठ करायचे. मी इथे नोकरी करत चेक शिकलो आणि माझं ठाम मत झालंय की यादी बाजूला ठेवून एकच छोटा शब्द घ्यावा आणि त्याचा पार फडशा पाडावा. मी नाक घेतलं होतं, म्हणून ते कसं केलं तेवढंच इथे लिहितोय.

नाकाला चेकमध्ये म्हणतात नोस. इंग्रजीतलं नोज, लॅटिनमधलं नासुस, संस्कृतमधलं नासा, सगळी एकाच घरातली भावंडं, त्यामुळे शब्द लक्षात ठेवायला कष्टच नाहीत. खरं काम पुढे आहे, कारण वाक्यात हा नोस एका रूपात राहत नाही. चेकमध्ये सात विभक्त्या आहेत आणि इथल्या शाळेत मुलं त्यांना पहिली, दुसरी, तिसरी असंच म्हणतात, अगदी आपल्या प्रथमा द्वितीया तृतीयेसारखं. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं इथे पानंच्या पानं खर्ची घालतात, पण ज्याने शाळेत स ला ते घोकलंय त्याला ही कल्पना नवी नाही, फक्त प्रत्यय नवे आहेत. क्रम मात्र आपल्यासारखा नाही हे आधीच लक्षात ठेवा, चेकमध्ये करणाचं, म्हणजे कशाने हे सांगायचं काम तिसरीकडे नाही, सातवीकडे आहे. नाकात थेंब घालायचे तर दो नोसु, नाकातून काही येतंय तर ज़ नोसु, नाकात आहे तर व्ह नोसे, नाकासमोर असेल तर प्र्झेद नोसेम. रूप एकटं पाठ करू नका, शब्दयोगी अव्ययासकट एका दमात म्हणा, मग ते तोंडात बसतं. आणि बोलताना जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, एवढं पाळलं तरी समोरच्याला तुमचं बोलणं कळायला लागतं.

पहिला खरा उपयोग होतो तो आजारपणात. इथला हिवाळा लांब, आल्या वर्षी सर्दी होणारच. सर्दीला रीमा म्हणतात, स्त्रीलिंगी, आपल्या सर्दीसारखीच. तीन लिंगं इथेही आहेत, फक्त नोस पुल्लिंगी आणि आपलं नाक नपुंसकलिंगी, तेवढं सांभाळावं लागतं. लेकार्ना म्हणजे औषधाचं दुकान, तिथे काउंटरवरच्या बाई नुसतं औषध काढून देत नाहीत, आधी विचारतात. मला विचारलं होतं की रीमा व्होद्नाता आहे की हुस्ता, म्हणजे पाण्यासारखी की घट्ट, मग विचारलं अ‍ॅलर्जी आहे का, मग काप्की दो नोसु म्हणजे नाकात घालायचे थेंब दिले आणि खोक्यावर बोट ठेवून सावकाश बजावलं, ने देले नेझ तीदेन, आठवड्याच्या वर नाही. हे वाक्य खरंच महत्त्वाचं आहे, नाक मोकळं करणारे ते थेंब जास्त दिवस घातले तर नाक उलट आणखी चोंदतं, त्यामुळे भाषा कळली नाही तर नुकसान तब्येतीचं. नाक चोंदलंय हे सांगायला माम उत्स्पानी नोस, नाक वाहतंय तर तेचे मि ज़ नोसु, नाकातून रक्त येतंय तर तेचे मि क्रेफ ज़ नोसु. एप्रिलमध्ये बर्च झाडांचे परागकण उडायला लागले की अर्धं ऑफिस शिंकत असतं, त्याला सेन्ना रीमा म्हणतात, म्हणजे गवताची सर्दी. नाक कान घशाच्या डॉक्टरकडे जायचं तर बोलण्यात नुसतं क्र्च्नी म्हणतात, घशाचे डॉक्टर, नाकाचं नावच नाही त्यात, पण पाटीवर ओ-एर-एल लिहिलेलं असतं ते शोधा.

वरच्या वाक्यांतला तो छोटा मि बघा, तो म्हणजे आपला मला. मला थंडी वाजतेय याला चेकमध्ये ये मि ज़िमा. इंग्रजीत मी थंड आहे अशा वळणाने बोलावं लागतं, मराठीत आणि चेकमध्ये थंडी येऊन माणसाला लागते. म्हणून मी कळकळीने सांगतो, मनात वाक्य मराठीत जुळवा आणि तिथून थेट चेकमध्ये जा, मध्ये इंग्रजीचा थांबा नको. शिंकरणे हे क्रियापद घ्या ना, इंग्रजीत त्याला तीन शब्द लागतात, आपल्याकडे एक आणि चेकमध्येही एकच, स्मर्कात. शिंकणे म्हणजे कीखात, पण एकदाच शिंक आली तर कीख्नोउत. एकदाच होऊन संपलेली क्रिया आणि चालू राहिलेली क्रिया यांना वेगवेगळी क्रियापदं, हा चेकचा सगळ्यात अवघड भाग, आणि तो मला या दोन शिंकांमधूनच पहिल्यांदा नीट कळला. कोणी शिंकलं की ना ज़्द्रावी म्हणायचं, बिअरचे ग्लास भिडवताना म्हणतात तेच. आणि हो, नाक वर ओढत बसणं इथे असभ्य समजतात, चारचौघात कापेस्नीक म्हणजे रुमाल काढून जोरात शिंकरलं तर कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडे उलटं, म्हणून नव्या माणसाने हे आधीच माहीत करून घ्यावं.

आता वाक्प्रचार, यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं म्हणजे स्त्र्कात नोस दो त्सिज़ीख व्येत्सी, शब्दाला शब्द जुळतो, इंग्रजीतही तसंच. नाक मुरडणं म्हणजे ओहर्नोव्हात नोस. नाकासमोर सरळ जा असं रस्ता सांगताना म्हणतात रोव्नोउ ज़ा नोसेम. पण एखाद्याला फसवून खेळवायचं तर व्होदित ज़ा नोस, म्हणजे नाकाला धरून फिरवणं, आपण वेसण घालून म्हणतो तसं. बघा, ज़ा तोच, पण एकदा नोसेम आणि एकदा नोस, पहिल्यात नाकामागून चालायचंय, दुसऱ्यात नाक धरायचंय, म्हणून विभक्ती बदलली. ट्रामच्या स्टॉपवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे उयेला मि त्राम्वाय प्र्झेद नोसेम, डोळ्यांदेखत ट्राम गेली. आपण डोळ्यांदेखत म्हणतो, ते नाकासमोर म्हणतात. एखाद्या गोष्टीचा बरोबर वास लागणाऱ्याला मीत ना तो नोस, त्या कामाचं नाक आहे त्याला.

जिथे इंग्रजीत नाक आहे तिथे चेकमध्ये असेलच असं नाही, यादी पाठ करणारे इथे अडकतात. इंग्रजीत भरमसाट पैसे नाकातून जातात, चेकमध्ये तेच ज़ाप्लातित मायलांत, नाकाचा पत्ता नाही. थोडक्यात जिंकलं तर इंग्रजी माणूस नाकाएवढ्या फरकाने म्हणतो, चेक माणूस ओ ख्लुप, केसाएवढ्या. नीट वाग, भानगडीत पडू नको हे इंग्रजीत नाक स्वच्छ ठेव असं होतं, इथे सेकात दोब्रोतु. उलट स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन हे मराठीत आणि इंग्रजीत जवळजवळ सारखं आहे, म्हणून ते चेकमध्ये शब्दशः बोलून बघायचा मोह होतो, तो टाळा. आणि नोसित, नोसिच, नोसीत्का या शब्दांचा नाकाशी काही संबंध नाही, ते वाहून नेण्याचे शब्द आहेत, नोसित म्हणजे नेणं, अंगावर घालणं, नोसिच म्हणजे हमाल, नोसीत्का म्हणजे स्ट्रेचर. गेंडा मात्र खरा नाकवाला, नोसोरोझेत्स, नाक आणि शिंग.

प्रागला असाल तर जुन्या चौकातल्या टीन नावाच्या चर्चमध्ये नक्की जा, तिथे टायको ब्राहे पुरलाय. हा डॅनिश खगोलशास्त्रज्ञ, 1566 मध्ये रोस्टॉकला तलवारीच्या द्वंद्वात त्याच्या नाकाचा तुकडा उडाला आणि पुढे आयुष्यभर तो धातूचं नाक लावून फिरला. 1599 मध्ये सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्याकडे प्रागला आला, 1601 मध्ये इथेच गेला. सगळे म्हणायचे नाक चांदीचं, सोन्याचं, पण 2010 मध्ये कबर उघडून तपासलं तेव्हा पितळेच्या खुणा मिळाल्या. मी तिथे माहितीचा चेक फलक शब्द लावत लावत वाचला होता आणि नोस शब्द दिसल्यावर पुढचं वाक्य आपोआप उलगडलं, असा सराव पुस्तकात मिळत नाही.

परीक्षेचं म्हणाल तर कायमचा रहिवास हवा असेल तर साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि सप्टेंबर 2021 पासून त्याला ए-टू पातळीची चेक परीक्षा लागते, आधी ए-वन पुरायची. नागरिकत्वाला बी-वन. या युरोपातल्या भाषेच्या पातळ्या, ए-वन सगळ्यात खालची, मग ए-टू, मग बी-वन. ए-टू मध्ये डॉक्टरकडे, दुकानात, रस्त्यावर बोलता येतंय का हेच बघतात, म्हणून नाकानंतर पोट घ्या, मग पाठ, आणि प्रत्येकाची सातही रूपं वाक्यात घालून मोठ्याने म्हणा, ट्राममध्ये शेजारी कोणी असलं तरी म्हणा, इथले लोक चूक सुधारून देतात आणि मनापासून देतात.